औषध टाकण्याआधी पहाटे मासे पाहा

भुसावळ, मे महिना

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सांगितलेस की टाकीतले गोल्डफिश दोन दिवसांपासून वर येऊन तोंडाची उघडझाप करतात, त्यातला एक तळाच्या खड्यांवर अंग घासतो आणि दुकानातून आणलेले निळे औषध तू आज टाकणार आहेस. ते तूर्त टाकू नकोस, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मासा ज्या पाण्यात राहतो त्यातूनच श्वास घेतो, म्हणून त्याचे वागणे बिघडले की आधी पाण्याकडे पाहावे. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३२ अंशांवर तो सव्वासातच्या आसपास उरतो. आपल्या खानदेशातला मे, धुळ्यातली तुझी पत्र्याची खोली आणि गोल्डफिश मुळात थंड पाण्यातला! त्यात लाइट गेली की पंप बंद, आणि रात्री पाणवनस्पतीसुद्धा प्राणवायूच ओढतात. म्हणून पहाटे, दिवा न लावता, पाहा. सगळेच मासे वर येऊन फिल्टरची धार पडते तिथे गर्दी करत असतील, तर प्राणवायू कमी पडतो आहे. एकटाच मासा पर अंगाशी मिटून कोपऱ्यात बसला असेल, तर दुखणे बहुधा त्याचे एकट्याचे आहे. (तुझ्या मित्राचा फायटर मासा वर येऊन हवा घेतो, तो मात्र त्याचा स्वभावच आहे.)

अंग घासण्याचे मला अधिक वाटते. परांवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतील तर तो परजीवी आहे आणि मग औषध लागेल. ठिपके नसतील तर क्लोरीन किंवा अमोनिया कल्ल्यांना झोंबत असेल. तू शाळेत असताना मी फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला होता आणि सगळे पाणी एकदम बदलले होते, ते तुला आठवत असेल. माशांच्या विष्ठेतला अमोनिया पचवणारे जिवाणू त्या स्पंजातच राहतात, हे मला ठाऊक नव्हते. चार दिवसांत कल्ले लालभडक झाले, मी तो रोग समजून औषधावर औषध टाकत गेलो आणि तीन मासे गेले. त्यातला शेवटचा रात्रभर काचेला तोंड लावून होता. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही. तुझ्या निळ्या औषधानेही ते जिवाणू मरतात.

तेव्हा आज उघड्या बादलीत नळाचे पाणी भरून सावलीत ठेव आणि उद्या तेवढेच, पाव टाकीपुरते, बदल. स्पंज मळला असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळून घे. दोन दिवस दाणे देऊ नकोस. उपाशी राहून त्यांचे काही बिघडत नाही, खाल्ले की अमोनिया मात्र वाढतो. पाण्याची पातळी चार बोटे खाली ठेवलीस तर फिल्टरची धार उंचावरून पडेल आणि हवा मिसळेल.

रविवारच्या सकाळच्या गाडीने मी येतो, येताना अमोनिया तपासायचे किट आणि बॅटरीवरचा एअर पंप आणीन. तोवर रोज पहाटे काय दिसले ते वहीत लिहून ठेव, आणि घासणारा मासा कोणता, त्याची खूण पटवून ठेव.

तुझे,
आबा