गाळ उपसणारे दादा आणि इस्त्रीवाले काका, तुमचे आभार

आमची दहावी संपली. निकालाची धाकधूक आहेच, पण त्याआधी तुमचे आभार मानायचे राहिलेत.

ऑगस्ट 2019. आम्ही पाचवीत. कोल्हापुरात पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, अन् त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांवर गेलं. शाळेचा तळमजला बुडाला. पाणी ओसरल्यावर वर्गात नुसता गाळ, वास तर विचारूच नका. तालमीतली पोरं आपणहून आली. बाकं बाहेर काढून खराट्यानं घासली. चहा विचारला तर म्हणाली, "आधी काम!"

कपाटातल्या आमच्या हस्तलिखिताचा मात्र लगदा व्हायचाच बाकी होता. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या काकांनी ते दुकानात नेलं. त्यांचंही दुकान नुकतंच पाण्यातून वर आलेलं! एकेक पान अलगद सोडवायचं, वर-खाली वर्तमानपत्र घालायचं, मग कोमट इस्त्री फिरवायची. पैसे घेतले नाहीत. उलट "हे कोंबडं कुणी काढलंय रे?" म्हणून हसले. (तो मोर होता.)

निरोप समारंभात तेच हस्तलिखित सगळ्यांच्या हातांतून फिरलं. दादांनो, काका, मनापासून आभार. निकालादिवशी पेढे घेऊन येतोय. या वेळी चहाला नाही म्हणायचं नाही.