हर्णैच्या तांडेलदादांस, डिझेलच्या हिशेबासह

तांडेलदादा, सप्रेम नमस्कार.

सुवर्णदुर्गाच्या पलीकडे आमच्या फायबरच्या होडीच्या पंख्यात तुटक्या जाळ्याचा गुंता बसला नि इंजिन बंद पडलं. नांगर टाकला, लाइफ जॅकेटं अंगात होतीच, 1554 वर तटरक्षक दलाला कळवलं. पाणी आत येत नव्हतं, कुणाला लागलं नव्हतं. तेवढ्यात तुम्ही आपणहून होडी वळवलीत. तीही लिलावाच्या तोंडावर, मासळी भरलेली असताना!

एका कड्यावर सगळा ताण नको म्हणून तुम्ही आमच्या होडीच्या नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दोन्ही अंगांना दोर बांधलात, तो भरपूर लांब सोडलात आणि नाळ वर राहावी म्हणून आम्हा सगळ्यांना मागे बसवलंत. तुमचा धाकटा खलाशी मात्र वाटभर कोयता घेऊन दोराशेजारी बसला होता. का, ते मी बंदरात विचारलं. "वेळ आली तर आधी दोर तोडायचा, मग बघायचं," म्हणाला.

आमच्या मंडळींत तेव्हापासून वाद चालू आहे, की सरकारी बोटीनंच ओढायला यायला हवं होतं. मला ते पटत नाही. गस्तीची नौका आमची हौस ओढत बसली आणि दुसरीकडे कुणी बुडत असलं तर? जीव वाचवल्याचे पैसे वाचलेल्याकडून घ्यायचे नाहीत, मालमत्ता वाचवल्याचा मोबदला मात्र रास्त, असं 1989 चा आंतरराष्ट्रीय सॅल्व्हेज (समुद्रातल्या बचावकामाचा) करारही मानतो. आमची होडी ही मालमत्ता. अर्थात नांगर सुटून आम्ही किल्ल्याच्या खडकांकडे वाहत निघालो असतो, तर होडी ओढणं म्हणजेच जीव वाचवणं झालं असतं, आणि तेव्हा सरकारी बोट आलीच पाहिजे.

अमेरिकेत धोका नसेल तर तटरक्षक दल हे काम सहसा खासगी टोइंगवाल्यांवर सोडतं. ब्रिटनमध्ये देणग्यांवर चालणारी आरएनएलआय ही जीवरक्षक नौकांची संस्था फुकट ओढून आणते. हर्णैत कोण? तुम्हीच. हौशी होड्या वाढताहेत आणि त्यांचा भुर्दंड तुमच्या डिझेलवर, हुकलेल्या भावावर पडतोय. होडीच्या विम्यातच ओढणाऱ्याचं डिझेल आणि बुडालेला धंदा धरायला हवा, नाहीतर मालकानं तो खर्च खिशातून द्यावा.

तुम्ही पैसे घेतले नाहीत, "दर्यात हिशेब नसतो" म्हणालात. बंदरात असतो, दादा. तुम्ही डिझेल भरता त्या पंपावर तुमच्या होडीच्या नावानं रक्कम जमा केली आहे. पंपवाल्याला ती परत करू नका असं बजावलंय, तेव्हा त्याच्याशी भांडू नका.

तुमचा आभारी,
निळ्या होडीवाला