कोरी चौकट कोरीच ठेव

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद. ताप उतरला हे ऐकून बरं वाटलं.

काल फोनवर तू रडवेली झाली होतीस. शाळेच्या प्रकल्पासाठी तू रोज पाऊस मोजतेस, त्यातली मंगळवारची नोंद राहिली, आणि आजी म्हणते, सोमवार-बुधवारच्या मधला एखादा आकडा टाकून दे. आजी मायेनंच म्हणते, पण टाकू नकोस. बुधवारी बाटलीत साठलेलं पाणी दोन दिवसांचं होतं. ते 'दोन दिवसांचा एकत्रित पाऊस' म्हणून लिही आणि मंगळवारची चौकट कोरी ठेव. परीक्षकांनी विचारलं तर ताप आला होता म्हणून सरळ सांग.

प्रकल्पासाठी तू निवडलेला प्रश्न मला फार आवडलाय. महाबळेश्वरला वर्षाला सरासरी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आपल्या वाईत हजाराच्या आत. ढग सह्याद्री चढताना रिते होतात, हे पुस्तकात आहेच. पण पसरणी घाटाच्या खाली आपण आणि वर पाचगणीला मावशी, मध्ये जेमतेम बारा-तेरा किलोमीटर. एकाच दिवशी दोन्हीकडे किती फरक पडतो, हे तुमच्या दोघींच्या वह्यांतून कळेल. मला खरंच उत्सुकता आहे.

बाटलीवरच्या नरसाळ्याचं तुझं गणित तपासलं. तोंडाचा व्यास १० सेंटीमीटर, क्षेत्रफळ सुमारे ७८.५ चौरस सेंटीमीटर, म्हणून १ मिलिमीटर पावसाला ७.८५ मिलिलिटर पाणी. बरोबर आहे. पण मावशीचं नरसाळंही तेवढंच आहे का? नसेल तर तिच्यासाठी भागाकार वेगळा.

दुसरं, अंगणातलं जांभळाचं झाड. पर्जन्यमापक जवळच्या अडथळ्याच्या उंचीच्या किमान दुप्पट अंतरावर ठेवतात. झाड किती उंच आहे ते सावलीवरून काढ. मग जागा बदलायची का, ते तू ठरव. बदललीस तर तारीख वहीत हवी.

तुझी शाळा सातची, म्हणून तू साडेसहाला मोजतेस. काही हरकत नाही, फक्त मावशीनंही साडेसहालाच मोजायला हवं. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८.३० ते ८.३० असतो, तेव्हा त्यांच्या आकड्यांशी तुलना करताना हे अहवालात नमूद कर.

अहवाल मी लिहून देणार नाही, दादालाही देऊ देणार नाही. पण तू लिहिलेला शब्द न् शब्द वाचीन, आणि जिथे मला कळणार नाही तिथे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह करीन.

सोमवारी मी रजा टाकली आहे. तालुका कृषी कार्यालयात जाऊन पावसाच्या जुन्या नोंदी मागू. शाळेचं पत्र घेऊन ठेव. बोलायचं तू, मी बाजूला बसेन. पुण्याहून येताना १०० मिलिलिटरचं मोजपात्र आणतो. तोवर मावशीकडून नरसाळ्याचा व्यास मागवून ठेव.

तुझा,
बाबा