हे सुचवले कोणी?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कंपनीवर संकट आले की ‘एकच आवाज’ हवा, वरून सांगावे आणि खालच्यांनी निमूट करावे, असा सल्ला व्यवस्थापनावरच्या लेखांतून वारंवार वाचायला मिळतो. बाहेरच्यांशी बोलताना एकच आवाज हवा, हे मान्य. एकाच ग्राहकाला तिघांनी तीन तारखा दिल्या की काय होते, ते मी भोगले आहे. पण आतही तोच नियम लावला, तर अडचणीतून वाट सुचायची तरी कोणाला? तीस वर्षे मशीन देखभालीत काढली. त्यातल्या एका दिवसाविषयी लिहितो.

मालाची खोकी वाहून नेणाऱ्या कन्व्हेयरचा गिअरबॉक्स सकाळीच फुटला. नवा यायला आठ दिवस, मागे सगळी लाइन उभी. केबिनमध्ये आम्ही सहा जण ड्रॉइंग पसरून बसलो. दोन तासांत निष्पन्न एवढेच झाले, की पुरवठादाराला पुन्हा फोन करायचा. शेवटी मोठे साहेब उठून शॉपवर, मशीनपाशी गेले आणि तिथे उभ्या असलेल्यांना म्हणाले, “मला काही सुचत नाहीये. तुम्हाला कोणाला काही दिसतंय का?”

आधी कोणी बोलेना. मग हातातले कॉटन वेस्ट चुरगाळत एक हेल्पर म्हणाला, “साहेब, भंगारात काढलेल्या मशीनचा गिअरबॉक्स शेडमागे पडलाय. मीच ताडपत्री टाकून ठेवलाय.” फिटर जाऊन बघून आला. पायाची भोके जुळत नव्हती, पण मध्ये प्लेट टाकून बसवतो म्हणाला. अडचण वेगळीच निघाली. त्या गिअरबॉक्सवर पट्टा दीडपट वेगाने पळाला असता. “मोटरला ड्राइव्ह आहे की! 50 हर्ट्झवरून 35 वर आणतो,” इलेक्ट्रिशियन म्हणाला. (ड्राइव्ह म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण.) वेगाचे भागले, पण ओढायची ताकद कमीच राहणार होती आणि भरलेला पट्टा त्याला झेपला नसता. तेव्हा ऑपरेटर म्हणाला, “मग एक सोडून एक खोकं लावू.”

संध्याकाळी लाइन सुरू झाली, निम्म्या मालावर का होईना. हेल्परला ड्राइव्हचे काही कळत नव्हते, इलेक्ट्रिशियन कधी शेडमागे गेला नव्हता, आणि आम्ही केबिनमधल्यांनी तर तो गिअरबॉक्स कधीच हिशेबातून काढून टाकला होता.

आता खरी गोष्ट. त्या हेल्परने हे साडेआठलाच आपल्या सुपरवायझरला सांगायला सुरुवात केली होती. सुपरवायझर म्हणाला, “मध्ये मध्ये करू नकोस, खाली तेल सांडलंय ते आधी पूस.” तो सुपरवायझर मी. चार तास माझ्या त्या एका वाक्याने खाल्ले.

विमान कंपन्या हा धडा फार महागात शिकल्या. 27 मार्च 1977 रोजी स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवरच दोन जंबो विमाने आदळून 583 जण गेले. उड्डाणासाठी वेग घेणाऱ्या विमानातल्या फ्लाइट इंजिनिअरने, समोरचे विमान अजून धावपट्टीवर तर नाही ना, अशी शंका बोलून दाखवली होती. कॅप्टनने ती झटकून टाकली. पुढे कनिष्ठाने बोलायचे कसे आणि कॅप्टनने ऐकायचे कसे, याचे रीतसर प्रशिक्षण सुरू झाले.

ते प्रशिक्षण घेतलेले कॅप्टन अल हेन्स 19 जुलै 1989 रोजी युनायटेड या अमेरिकी कंपनीच्या 232 क्रमांकाच्या विमानात होते. शेपटीतले इंजिन फुटले आणि तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा गेल्या, म्हणजे विमान वळवायचे नेहमीचे एकही साधन उरले नाही. नियमपुस्तकात यावर पान नव्हते. जमिनीवरच्या देखभाल विभागाला तर तिन्ही यंत्रणा एकदम गेल्यात हेच खरे वाटेना. ते पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिले. (आमच्या केबिनचीच आठवण झाली.) प्रवाशांत डेनी फिच नावाचे वैमानिकांचे प्रशिक्षक होते. हेन्सनी त्यांना आत घेतले आणि उरलेल्या दोन इंजिनांचे थ्रॉटल त्यांच्या हाती दिले. एका इंजिनाचा जोर वाढवायचा, दुसऱ्याचा कमी करायचा, चौघांनी सतत बोलत राहायचे, असे करत विमान सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणले. उतरताना ते मोडले. 296 पैकी 112 जण दगावले, 184 वाचले. या वाचण्याचे श्रेय हेन्स पुढे आयुष्यभर त्या प्रशिक्षणाला देत राहिले.

याचा अर्थ संकट आले की सगळ्यांना खोलीत कोंबून ‘बोला, बोला’ म्हणायचे, असा नाही. 1958 साली येल विद्यापीठातल्या प्रयोगात दिसले होते, की एकत्र बसून कल्पना काढणाऱ्या गटापेक्षा तेवढीच माणसे वेगवेगळी बसली तर जास्त कल्पना निघतात. घोळक्यात एक बोलतो आणि बाकीचे माना हलवतात, हे सांगायला खरे तर प्रयोगही नको. म्हणून आधी प्रत्येकाने दोन ओळी कागदावर लिहाव्यात, मग बोलावे, आणि सुरुवात सगळ्यात कनिष्ठ माणसापासून करावी. साहेबांचे मत आधी कळले की बाकीच्यांची मते आपोआप तिकडे झुकतात. निर्णय मात्र एकानेच घ्यावा. हेन्सच्या विमानातही शेवटचा शब्द कॅप्टनचाच होता.

आमच्या त्या दिवसाच्या ब्रेकडाउन रिपोर्टवर सही माझी आहे. ‘केलेली कार्यवाही’ या रकान्यात गिअरबॉक्स, प्लेट, ड्राइव्हची सेटिंग सगळे नीट लिहिले आहे. हे सुचवले कोणी, याला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता, आणि समासात लिहायचे मला सुचले नाही.

आपला,
एक निवृत्त देखभाल सुपरवायझर