आधी पुरावा, मग ब्लॉक

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीनंतर मराठवाड्यातली लेकरं लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगरच्या क्लासेसला जातात. घराशी जोडणारा असतो तो मोबाईल, आणि छळही त्यावरच होतो. ग्रुपवर टेस्टच्या मार्कांवरून टिंगल चालते, कुणाच्या तरी नावाने इन्स्टाग्रामवर बनावट खातं निघतं. आईवडिलांना कळलं की पहिलं काम म्हणजे मोबाईल जप्त. मग लेकरू पुढच्या वेळी तोंड उघडत नाही, आणि चिडून चॅट डिलीट केलं असेल तर तक्रारीला आधारच राहत नाही.

आधी पुरावा घ्या. स्क्रीनशॉट पूर्ण स्क्रीनचा हवा. युजरनेम, तारीख आणि वेळ त्यात दिसली पाहिजे. शिवीपुरता कापलेला तुकडा कामाचा नाही. प्रोफाइलची लिंकही कॉपी करून ठेवा, कारण दिसणारं नाव बदलता येतं. व्हॉट्सॲपवर सेव्ह केलेलं नावच दिसतं, म्हणून नंबर दिसेल असा वेगळा स्क्रीनशॉट घ्या. एकदाच उघडणाऱ्या फोटोचा स्क्रीनशॉट येत नाही. तिथे दुसऱ्या फोनने स्क्रीनचा फोटो काढावा. हे झाल्यावर रिपोर्ट आणि शेवटी ब्लॉक. रिपोर्ट करताना व्हॉट्सॲप ब्लॉक करून चॅट डिलीट करण्याचाही पर्याय पुढे करतं, तेवढं बघून बोट ठेवा.

त्रास देणारा त्याच बॅचचा असेल तर ब्लॉक केल्याचं त्याला लगेच कळतं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात डूख धरला जातो. अशा वेळी इन्स्टाग्रामचं 'रिस्ट्रिक्ट' बरं. त्याची नवी कमेंट त्याची त्यालाच दिसते, मेसेज रिक्वेस्टमध्ये पडतात, आणि त्याला सूचना जात नाही.

एक अपवाद मात्र पक्का लक्षात ठेवा. अठरा वर्षांखालच्या मुलामुलीचा नग्न किंवा तसा बनवलेला फोटो असेल तर त्याची प्रत काढू नका, आणि 'बघा काय केलंय' म्हणून मामाला, सरांना तर मुळीच पाठवू नका. तो पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ब खाली गुन्हा आहे. लिंक आणि युजरनेम लिहून ठेवा, फोन आहे तसा पोलिसांना दाखवा. 'टेक इट डाऊन' ही मोफत सेवा फोटो अपलोड न करता फोनमध्येच त्याची डिजिटल खूण बनवते. सहभागी कंपन्या त्या खुणेवरून आपल्याकडचा फोटो शोधून काढून टाकू शकतात.

तक्रारीचं ठिकाणही चुकतं. १९३० हा नंबर मुख्यतः पैशाच्या फसवणुकीसाठी आहे. छळाची तक्रार राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर करावी. तिथे मुलांबाबतची तक्रार निनावीही करता येते, पण पुढे काय झालं ते कळायला हवं असेल तर नाव द्यावं लागतं. लेकरू लातुरात आणि तुम्ही गंगाखेडला असलात तरी दखलपात्र गुन्ह्याची झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवायची फिर्याद, जवळच्या ठाण्यात देता येते. 'आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर ऐकून परत फिरू नका. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे. लेकरू जेवत नसेल, झोपत नसेल, क्लास बुडवून खोलीत पडून राहत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर दिवसरात्र बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर पहिल्या गाडीने गाठा. त्या रात्री त्याला खोलीत एकटं ठेवू नका.

समोरच्या मुलाच्या घरी तणतणत जाऊ नये. भावकीचं भांडण होतं आणि तोवर तिकडचं चॅट साफ झालेलं असतं.

आणि क्लासचालकांना एक मागणी. टेस्टच्या मार्कांची नावानिशी यादी ग्रुपवर टाकणं बंद करा, ज्याचे मार्क त्यालाच पाठवा. अधिकृत ग्रुपवर फक्त ॲडमिनला मेसेज टाकता येईल अशी सेटिंग ठेवा. दोन्हीला एक रुपया खर्च नाही.

आपला,
एक समुपदेशक, लातूर