तळमजल्यावरच्या काकांना, कुरकुरीत कोळंबीबद्दल

काकांस,
सप्रेम नमस्कार.

कुरकुरीत कोळंबी शिकवलीत, पण तुम्ही पैशाला हात लावत नाही. दिवाळीला शर्टपीस आणला, तर काकूंनी तो ओटीच्या नारळासकट माझ्याच पिशवीत परत घातला. मग चारचौघांत आभार मानण्याखेरीज माझ्याकडे दुसरा इलाज उरला नाही. नाव लिहीत नाही, कारण ते छापलेलं तुम्हाला रुचणार नाही. बिल्डिंगमधल्यांना कळायचं ते कळेलच.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. शनिवार-रविवारी मी घरून माशांच्या जेवणाच्या ऑर्डरी घेते. सुरमई, बांगडा, तिसऱ्यांचं सुकं, यात कधी अडलं नाही. पण हल्ली तरुण मंडळी ‘ती चायनीजवाली, गोड-तिखट, कुरकुरीत कोळंबी’ मागतात. हॉटेलात हा पदार्थ कढईतून उतरला की दोन मिनिटांत टेबलावर येतो. माझ्याकडून तो डब्यात बसून, रिक्षाने, सिग्नल खात जातो. आत वाफ, वर सॉस. पोचेपर्यंत कोळंबीवरचं पिठाचं कवच भिजून सालासारखं सुटणार, हे उघड होतं. इंटरनेटवर कृती पोत्याने आहेत, पण त्या सगळ्या ‘गरमागरम सर्व्ह करा’ म्हणून मोकळ्या होतात. पुढच्या अर्ध्या तासाचं काय, यावर कुणी बोलत नाही.

तुमची उभी हयात मुंबईतल्या चायनीज हॉटेलच्या भट्टीसमोर गेली. मला वाटलं, तुम्ही एखादा सॉस सांगाल, एखादी गुपित बाटली. तुम्ही विचारलंत, “सुंगटां खयसून हाडतंस?” म्हणजे कोळंबी कुठून आणतेस. मी म्हटलं, फ्रोझन पाकीट. त्यावर तुम्ही चष्मा काढून ठेवलात, आणि मी वही उघडली.

त्या वहीतलं पहिलं पान भरून फक्त पाणी आहे. फ्रोझन कोळंबीवर बर्फाचा थर असतो हे मला माहीत होतं. पण काही पाकिटांतली कोळंबी फॉस्फेटच्या पाण्यात मुरवलेली असते, त्यामुळे ती पाणी धरून ठेवते, वजनाला भरते आणि कढईत गेली की सगळं ओकते, हे तुम्ही सांगितलंत. पाकिटामागचं बारीक अक्षर वाचायला लावलंत. बुळबुळीत, काचेसारखी चमकणारी दिसली तर तिचं कालवण कर, तळायला घेऊ नको, हा तुमचा नियम. आता मी सकाळी बाजारातून ताजी घेते, किलोला तीस-चाळीस बसतील अशी. त्याहून बारीक घेतली तर कवच शिजेपर्यंत आतली चामट होते. जून-जुलैमध्ये आपल्या किनाऱ्यावर ट्रॉलर बंद असतात, तेव्हा तळ्यात वाढवलेल्या वेनामी जातीच्या कोळंबीवर भागवायचं. तिला तुम्ही नावं ठेवत नाही, हे ऐकून बरं वाटलं. मासळी बाजारात तिच्याकडे बघून नाक मुरडायची पद्धतच पडली आहे.

शेपटीचं तर मला स्वप्नातही आलं नसतं. शेपूट ठेवून सोलायची, पाठीवरचा काळा धागा काढायचा, इथपर्यंत सगळेच करतात. तुम्ही शेपटीचं टोक तिरकं कापलंत आणि सुरीची पाठ तिच्यावरून दाबत नेलीत. काळपट पाण्याचा एक थेंब पाटावर आला. एवढ्याशा शेपटीत! तेल अंगावर उडतं ते याच थेंबामुळे, असं म्हणून तुम्ही ताटातली सगळी कोळंबी तशीच, न बोलता, निपटत गेलात. मग पोटाच्या बाजूने तीन-चार आडव्या हलक्या चिरा दिल्या, म्हणजे ती तेलात वेटोळं न होता सरळ राहते आणि पीठ सगळीकडे सारखं बसतं.

सोड्याचं ऐकून मी बिचकले होते. अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला पाव चमचा खायचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ चोळून पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये. मग चांगली धुऊन, फडक्यावर पसरून, वरून दुसरं फडकं दाबून खडखडीत कोरडी करायची. दातांखाली ती ‘कट्’ होते, ती चायनीज हॉटेलातली करकर यातून येते. आमच्या आईने पाहिलं असतं तर सोडा भजीत घालतात, कोळंबीत नाही, असं बजावून डबा उचलून ठेवला असता.

पिठात तुम्ही मैद्याला जवळजवळ हद्दपारच केलंत. सहा चमचे कॉर्नफ्लोर, दोन चमचे तांदळाची पिठी, मैदा जेमतेम चमचाभर, आणि एका अंड्याचा पांढरा भाग. मैदा वाढला की चिवटपणा येतो, पिठी खळखळीतपणा आणते. पातळ घोळ करायचा नाही, पीठ कोळंबीला चिकटून बसेल इतपतच ओल. आणि तळण दोनदा. हॉटेलात अर्धं तळून ठेवतात आणि ऑर्डर आली की पुन्हा सोडतात, ते निव्वळ घाईपोटी असेल असं मला वाटायचं. पहिल्या तळणात मध्यम आचेवर दीड-दोन मिनिटं, रंग फिका असतानाच बाहेर. मग जाळीवर, कागदावर नाही, दहा मिनिटं विसावू द्यायची. तेवढ्यात आतली ओल कवचापर्यंत येते. दुसऱ्यांदा तेल कडकडीत, अर्धं मिनिट, आणि ती आलेली ओल उडून जाते. घरच्या गॅसला भट्टीची धग नाही, म्हणून एका वेळी आठ-दहाच सोडायच्या, नाहीतर तेल थंड पडतं आणि कोळंबी तळली न जाता तेलात शिजते. हे तुम्ही इतक्यांदा बजावलंत की माझा मुलगा आता कढईत डोकावून मोजतो.

आता सॉस. खरं तर ‘सॉस म्हणू नको, पाक म्हण’ हेच तुम्ही आधी सांगितलंत. सॉस म्हणजे कॉर्नफ्लोर लावून दाट केलेली ग्रेव्ही, आणि ग्रेव्ही म्हणजे पुन्हा पाणीच. चार चमचे साखर, दोन चमचे व्हिनेगर, एक चमचा सोया सॉस, भिजवून वाटलेल्या सहा-सात ब्याडगी मिरच्या, आठ-दहा लसूणपाकळ्या बारीक चिरून परतलेल्या, आणि पळीभर पाणी. ते पाणीही उकळून घालवायचंच. बुडबुडे मोठे आणि संथ व्हायला लागले, झाऱ्यावरून धार न पडता शेवटचा थेंब लोंबकळत राहिला, की गॅस बंद. ब्याडगी रंग देते पण तिखटाला सौम्य, म्हणून मी तिच्यात दोन लवंगी मिरच्या घालते. ही माझी भर तुम्हाला मान्य नाही, तरी लिहिते. मध सुरुवातीपासून घालायचा नाही. तो हवेतली ओल ओढतो, आणि आच लागली की करपतोही लवकर. म्हणून उतरवल्यावर चमचाभर, फक्त चकाकीपुरता. गुळाने करून बघू का, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, घरी खायला कर, डब्यात पाठवू नको. गूळही पाणी धरतो. पावसाळ्यात तर विचारूच नये.

कोळंबीला पाक लावायचं काम शेवटच्या मिनिटाला. कोळंबी पाकाच्या कढईत टाकून, दोन-तीनदा उसळून, वर भाजलेले तीळ आणि पातीचा कांदा, आणि लगेच पसरट ताटात मोकळी. पाकात बुडवायची नाही, नुसता हात फिरल्यासारखा थर. थंड होताना तो थर काचेसारखा आवळतो. वाफ पूर्ण गेल्याशिवाय झाकण लावायचं नाही, डब्याच्या झाकणाला भोकं पाडायची, तळाला कागद, आणि लांबची ऑर्डर असेल तर पाक वेगळ्या वाटीत. गिऱ्हाईक कुरकुरलं तरी चालेल, कोळंबी कुरकुरायला हवी, हा तुमचा विनोद मी ऑर्डरच्या चिठ्ठीवर छापून घेतलाय.

आता जे बोलायला तुमच्यासमोर जीभ रेटत नाही, ते लिहिते. चायनीज म्हटलं की लोक मंच्युरियनची गोष्ट सांगतात. कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी 1975 च्या सुमारास मुंबईच्या क्रिकेट क्लबमध्ये आलं, लसूण, हिरवी मिरची आणि सोया सॉस एकत्र करून ते पहिल्यांदा केलं म्हणतात. त्यांचं नाव राहिलं, राहायलाच हवं. पण त्यानंतर गल्लोगल्ली जी चायनीज हॉटेलं निघाली, त्यांच्या भट्ट्यांसमोर वेंगुर्ल्याची, नेपाळची, दार्जिलिंगची माणसं उभी राहिली. मेन्यूकार्डावर पदार्थ ‘ड्रॅगन’ आणि ‘गोल्डन’ झाले, आणि ते करणाऱ्याचं नाव बिलावरही आलं नाही. तुमच्या मनगटावर तेलाचे जे डाग आहेत, त्यांच्याबद्दल मी विचारलं तर तुम्ही विषय बदलून मला आलं कसं चिरायचं ते दाखवायला लागलात. मला आलं नीट चिरता येतं, काका. पण मी बघत राहिले.

आणि हो, तुम्ही शिकवायला कसलीही अट घातली नाहीत. हॉटेलवाले कृती लपवतात, मी तर तुमच्याच बिल्डिंगमध्ये धंदा करते. काकूंनी हसत विचारलंही, उद्या ही गाडी लावेल तर? तुम्ही म्हणालात, “लाव गो, मी येतंय गल्ल्यार बसूक.”

गाडी काही लागणार नाही, पार्किंगवरून सोसायटीत आधीच रण आहे. पण थर्टी फर्स्टची मोठी ऑर्डर आली आहे. एवढी कोळंबी एका कढईत दोनदा तळायची तर आधी किती वेळ अर्धी तळून ठेवता येईल, फ्रिजमध्ये ठेवली तर पुन्हा सोडण्याआधी बाहेर किती वेळ काढायची, हे अजून वहीत नाही. रविवारी दुपारी, तुमची झोप झाल्यावर, चारच्या सुमारास खाली येते. कोळंबी मी आणते. शर्टपीस आणत नाही.

काकूंना नमस्कार.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची