चि. सौ. शकूस

चि. सौ. शकूस अनेक आशीर्वाद.

काल हॉस्पिटलातल्या, किडनी बदलायचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटर मॅडमचा फोन आला. तू बाळूला किडनी देणार म्हणून तुम्हा बहीण-भावाचं सख्खं नातं दाखवायला रेशनकार्ड, दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले आणि आपण चौघं एकत्र असलेले जुने फोटो हवेत म्हणाल्या. सकाळी ट्रंक उघडली. कागद लगेच मिळाले, फोटोंनी दुपार खाल्ली. पाकीट नुसतं पाठवणार होतो, पण चार ओळी लिहाव्या वाटल्या. फोनवर तुझी आई शेजारीच असते, आणि तिच्यासमोर मला हे बोलता येत नाही.

बाळू बरा आहे. आठवड्यातून तीनदा डायालिसिस, चार-चार तास. आई त्याचं पाणी पितळी फुलपात्रानं मोजते, आणि पिऊन झाल्यावर तो फुलपात्र उपडं करून दाखवतो. रात्री मी त्याच्या डाव्या हातावर, डायालिसिससाठी शिरा जोडून फिस्टुला केलाय तिथं, हात ठेवतो. मांजर गुरगुरावं तसं आत थरथरतं. थरथर लागली म्हणजे चालू आहे, असं सिस्टरनं सांगितलंय. मग मला झोप येते.

तुझे रिपोर्ट कळले. अर्धं जुळलं म्हणे. भावंडांत चारात एकाचं पूर्ण जुळतं, दोघांचं अर्धं, एकाचं काहीच नाही, असं डॉक्टरांनी मला कागदावर काढून दाखवलं. बापाचं तर अर्धं जुळतंच. मी हात पुढं करून बसलो होतो, पण साखरेनं घात केला. आईला बीपीच्या दोन गोळ्या, तीही बाद. मग सगळे तुझ्याकडं बघायला लागलो. कुणी बोललं नाही, पण बघितलं. मी पण बघितलं.

आता पुढच्या तपासण्या. चोवीस तासांची लघवी जमवताना सकाळची पहिली धरायची नाही, दुसरीपासून दुसऱ्या दिवशीच्या पहिलीपर्यंत. डीटीपीए स्कॅनमध्ये कुठली किडनी किती काम करते ते कळतं, आणि सिटी अँजिओत रक्तवाहिन्या दिसतात. शक्यतो डावी काढतात, तिची शीर लांब असते. दुर्बिणीनं काढली तर चार-पाच दिवसांत घरी. नंतर दीड-दोन महिने जड उचलायचं नाही, ओमलासुद्धा नाही. दरवर्षी तपासणी चुकवायची नाही, अंग दुखलं की मेडिकलमधून गोळी आणून घ्यायची नाही, मीठ... बघ, पुन्हा सुरू झालो. एकेचाळीस वर्षांच्या बाईला मीठ शिकवतोय. राग मानू नकोस. जावईबापूंनी हे सगळं आधीच वाचून ठेवलं असणार.

फोटोंचं सांगत होतो. चौघं असलेले दोनच निघाले. एक तुझ्या लग्नातला, त्यात बाळूच्या तोंडात जिलबी. दुसरा 1998 च्या दसऱ्याचा, मास्तरांच्या कॅमेऱ्यावर काढलेला. सोसायटीचं कर्ज काढून घेतलेली हिरवी सायकल, हँडलला झेंडूचा हार. तू नववीत, हँडल घट्ट धरून उभी. बाळू कॅरियरवर. आईचे डोळे मिटलेले, मी खाकीत.

पुढच्या जूनमध्ये बाळू हायस्कूलला आला आणि सायकल मी त्याला दिली. त्याला पावसात धाप लागायची हे खरं. पण तू दहावीला होतीस हेही खरं. तू म्हणालीस, "घेऊ दे की आप्पा, मला चालायला आवडतं." मी ते खरं धरलं. खरं धरणं सोयीचं होतं.

एक गोष्ट तुला कधी बोललो नाही. त्या पावसाळ्यात एकदा माझी संध्याकाळच्या गाडीवर ड्यूटी होती. ओढ्याच्या अलीकडं तू दिसलीस, चपला हातात, दप्तर पोटाशी. गाडी खचाखच भरलेली, आधीच उशीर. ड्रायव्हरनं वेग कमी करून आरशातून माझ्याकडं बघितलं. एक बेल दिली असती तर गाडी थांबली असती. मी दोरी दोनदा ओढली. तू हात हलवलास.

गेल्या महिन्यात फोनवर तू म्हणालीस, "मी देते की. त्यात काय." शकू, आवाज तोच होता.

म्हणून विचारतोय. पुन्हा विचारणार नाही असं ठरवलं होतं, पण विचारतोय. हे तुझं आहे ना? मॅडम सांगत होत्या, अवयव देण्या-घेण्याचा 1994 चा कायदा आहे आणि 2014 चे नियम. देणारी बाई असेल तर तिची संमती तिच्या मनाची आहे का, हे जास्त काळजीनं बघायचं असं त्यात लिहिलंय. मुलाखतीचं शूटिंग होतं. मानसोपचाराचे डॉक्टर तुझ्याशी एकटीशी बोलतील, ना मी असेन ना जावईबापू. तिथं "नको" म्हणालीस तर ते आम्हाला एवढंच सांगतील की वैद्यकीय कारणानं बसत नाही. तसं सांगितलं तर मी कारण विचारणार नाही. आईलाही विचारू देणार नाही. किडनीसाठी थांबलेल्यांच्या यादीत बाळूचं नाव आहेच, थांबू.

हे लिहिताना हात थांबला, तेही सांगतो. थांबू म्हणणं सोपं आहे. तो परवा जिना चढताना मध्येच बसला आणि म्हणाला, बूट घट्ट झालेत. पायाची सूज होती. मला तू धडधाकट हवीस आणि तोही हवा. त्यापुढं माझं डोकं चालत नाही.

त्याला विचारलं तर म्हणतो, ताईला नको म्हणा. पण रिपोर्ट कधी येणार ते दोनदा विचारतो.

फोटो पाकिटात घातलाय. मागं पेन्सिलीनं साल लिहिलंय, चुकलं असेल तर खोडून नीट लिही. काम झालं की परत घेऊन ये, आईला माहीत नाही मी नेला ते.

ओमला पापा. जावईबापूंना नमस्कार.

तुझा,
आप्पा

ता. क. सोमवारी सिटी अँजिओ आहे ना, मी रविवारी रात्रीच्या गाडीनं निघतोय. पहाटे स्वारगेटला उतरेन. घ्यायला कुणाला पाठवू नकोस, रिक्षा करीन. तुला उपाशीपोटी जायचं असेल तर मीही चहा घेणार नाही, साखर बघून घेईन माझी मी.